दाई, दोर आणि मी

आयर्लंड मी पाहिलेलं नाही आणि बाळंतपणही पाहिलेलं नाही. तरीही या दोन्हींचा मिलाफ असलेली एक ऐतिहासिक प्रणयकादंबरी मी मराठीत लिहायला घेतली, याला आमच्या भाच्याची बायको जबाबदार आहे.

ती डब्लिनला असते. दिवाळीत शहाद्याला आली होती. परत जाताना सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आमच्याकडे टाकून गेली. मुखपृष्ठावर लाल केसांची बाई, हातात कंदील, पायाखाली ओल्या दगडांची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला दाढीची खुंटं वाढलेला, टोपी तिरपी घातलेला पुरुष. शंभरेक वर्षांपूर्वी डब्लिनच्या चाळींतून बाळंतपणं करत हिंडणाऱ्या एका गरीब सुईणीची ती प्रेमकथा. दर प्रकरणात एक बाळंतपण, दर दोन प्रकरणांत एक उसासा, शेवटी लग्न. सोफ्याचा तुटका पाय टेकवायला म्हणून मी ते उचललं, सहज मधलं पान उघडलं आणि रात्री दोन वाजेपर्यंत सोफा तसाच कलंडलेला राहिला.

आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवल्याची खोड अशी की कादंबरी संपल्यावर मी तिची तपासणी सुरू केली. तिथल्या गोष्टी खऱ्याच मोठ्या नाट्यमय निघाल्या. बार्थोलोम्यू मॉस नावाच्या डॉक्टराने १७४५ साली डब्लिनमध्ये गरीब बायकांसाठी प्रसूतिगृह काढलं ते एका जुन्या नाटकगृहात. पैसे कमी पडले तेव्हा या माणसाने लॉटऱ्या काढल्या, जलसे भरवले, आणि त्यातून १७५७ मध्ये रोटंडा रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली. ते रुग्णालय आजही चालू आहे. पुढे एका हिवाळ्यात एक गरीब बाळंतीण रोटंडाकडे जाताना बर्फातच मूल होऊन मेली, असं सांगतात. त्यावरून मार्गारेट बॉईल नावाच्या बाईने शहराच्या दुसऱ्या टोकाला १८२६ साली कूम रुग्णालय सुरू केलं. मग १९१८ मध्ये कायदा आला की परवाना नसलेल्या सुईणीने बाळंतपण करायचं नाही. पण खेड्यापाड्यांतल्या आणि चाळींतल्या बायका आपल्या ओळखीच्या म्हातारीलाच बोलावत राहिल्या. कायद्याला रात्री दोन वाजता हाक मारून उठवता येत नाही.

मला वाटलं, हे आपल्याकडे का नाही? मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्यांना तोटा नाही. पेशवे आहेत, सरदार आहेत, त्यांचे घोडेही नावानिशी आहेत. यातला प्रत्येक पुरुष कुठल्यातरी सुईणीच्या हातात पहिल्यांदा रडला असणार, पण तिच्यावर कादंबरी नाही. ती पोकळी भरून काढायला नियतीने माझीच निवड केली आहे, याबद्दल माझी खात्री झाली. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "प्रणय असेल तर पाठवा. संक्षिप्त."

आराखडा तर एका बैठकीत तयार झाला. काळ १९०० चा. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे शतक उलटता उलटता नंदुरबारला पोचली होती. त्या रेल्वेवर एक आयरिश इंजिनिअर, नाव पॅट्रिक, डोळे निळे. नायिका सातपुड्यातली तरुण दाई. तिचं नाव मी याहा मोगी देवीवरून मोगी ठेवलं. पॅट्रिकने सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा विकत घ्यायचा (दत्तजयंतीची ही जत्रा घोड्यांसाठीच प्रसिद्ध आहे, त्यामुळे घोड्याची सोय चोख झाली), डोंगरात शिरायचं आणि कंदील घेतलेली मोगी दिसताच लगाम खेचायचा. पहिली भेट मात्र मी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर ठरवली. सभोवार लाल मिरचीचा गालिचा, दोघांच्याही डोळ्यांत पाणी.

"मिरचीच्या पथारीवर सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "आणि शिंका."

मी दुर्लक्ष केलं, कारण मला आणखी मोठा धागा सापडला होता. व्हाइसरॉय डफरिनच्या पत्नीने, हॅरियट डफरिनने, व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर आणि सुईणी मिळाव्यात म्हणून निधी काढला. ही लेडी डफरिन मूळची कुठली? आयर्लंडची! काउंटी डाउनमधल्या एका किल्ल्यात जन्मलेली. म्हणजे आयर्लंड आणि दाई यांचं लग्न इतिहासानेच लावून दिलेलं, मी फक्त अक्षता टाकायच्या. शिवाय सुरतेला १८९५ पासून डॉ. रखमाबाई होत्या. लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या आणि मग लंडनहून डॉक्टर होऊन आलेल्या त्याच रखमाबाई. बायका दवाखान्यात बाळंतपणाला यायला घाबरत, तेव्हा त्यांनी दवाखान्यात आधी एका शेळीचं बाळंतपण करून दाखवलं, असं सांगतात. मी मोगीला रेल्वेने सुरतेला रखमाबाईंकडे शिकायला पाठवणार होतो. शेळीही त्याच डब्यातून जाणार होती.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. आमच्या घरी मराठी बोललं जातं, पण सौभाग्यवतींचा संताप माहेरच्या अहिराणीतूनच येतो. "तुम्हले काय समजस बाळतपनमधलं?" त्यांनी विचारलं. "पोर व्हयनी तव्हय तुम्ही कोठे व्हतात?"

आमची मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्यासमोरच्या टपरीवर होतो. पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली त्या क्षणी भाऊंनी हत्ती सोडायला हवा होता की नको, यावर तिथे वाद चालला होता आणि तो मी जिंकत आलो होतो. हे उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा अभ्यास करायचं ठरवलं. १८८० चं खानदेशचं गॅझेटियर घेऊन बसलो. त्यात विहिरी आहेत, बैल आहेत, झाडं, जाती, बाजार, भिल्लांचे धनुष्यबाण, सगळं आहे. पॅट्रिकच्या घोड्याला चारा काय घालावा इथपर्यंत माझी सोय झाली. नावानिशी दाई मात्र मला एकही सापडली नाही. नंतरच्या सरकारी कागदांत ती भेटते, पण आरोपी म्हणून. गलिच्छ, अडाणी, हट्टी. लेडी कर्झनने १९०३ मध्ये दायांना शिकवायला वेगळा निधी काढला, त्याच्या मागेही हाच सूर. मूल दगावलं की कागदावर दाई येते. जगलं तर बापाचं नाव येतं.

कागदात नाही तर डोंगरात जाऊ, म्हणून मी तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला निघालो. हा घाट पावसाळ्यात दरडींनी कधी बंद होईल याचा नेम नाही, त्यामुळे मी शहाणपणाने हिवाळा निवडला. तेवढं एक शहाणपण या प्रकरणात माझ्या नावावर आहे. जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार माणसं. गिअर बदलताना ड्रायव्हर दर वेळी माझा गुडघा आधी बाजूला करी. धडगावहून पुढे एका ओळखीच्या शिक्षकाने पाड्यांवर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंची गाठ घालून दिली आणि तिथल्या जुन्या दाईला भेटायला आम्ही पाड्यावर चढलो. मला वाटलं होतं पाडा म्हणजे चार घरं एकत्र. इथे एक घर एका टेकडीवर, दुसरं समोरच्या टेकडीवर, मधे नाला. कंदील घेऊन रात्री इथून तिथे धावणारी मोगी माझ्या डोळ्यांसमोर आली. मला तर दिवसा, बूट घालून, दोनदा टेकावं लागलं.

दाई अंगणात मका सोलत बसली होती. तिचं वय आशाताईंच्या मते सत्तर आणि आधार कार्डाच्या मते साठ. खुद्द तिच्या मते, असल्या चौकशा करणारी माणसं एकतर जनगणनेची असतात नाहीतर जमिनीची. पाड्यावर सगळे तिला डोकरी म्हणत. मी आजी म्हणायला लागलो. ती पावरीत बोलायची, आशाताई मराठीत सांगायच्या.

मी वही उघडली. "आजी, तुम्ही दाई झालात तेव्हा किती वर्षांच्या होता? सोळा? सतरा?"

आजी हसल्या. आशाताईही. स्वतःची पोरं होऊन मोठी झाल्यावर, आधी सासूच्या मागे बसून बाईला धरायला शिकून, कित्येक वर्षांनी कुठे हाताला काम आलं. कोवळ्या पोरीला बाळंतपणाला कोण बोलावणार? जिने स्वतः सोसलेलं नाही ती दुसरीला काय सांगणार? मी वहीत मोगीच्या वयापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"रात्री निघायच्या तेव्हा वाटेत कुणी भेटायचं का? घोड्यावरून वगैरे?"

"अस्वल भेटलं होतं एकदा."

"मग?"

"मग काय. त्याला मोहाची फुलं खायची होती, मला बाळंतपण करायचं होतं."

नाळ कापायला पूर्वी बांबूची धारदार चिपाटी नाहीतर विळा. पुढे सरकारी प्रशिक्षण झालं, तेव्हा ब्लेड, साबण, दोरा ठेवलेली पेटी मिळाली. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ, हे आजींनी उजव्या हाताची पाच बोटं मिटत असं म्हणून दाखवलं की मी मास्तर असूनही माझ्या वर्गात इतकं पाठांतर कधी झालं नव्हतं. पेटी अजून आहे. तिच्यात आता रेशनकार्ड असतं. बाळंतपणाचा मोबदला म्हणजे लुगडं, नारळ, धान्य आणि कोंबडी. काही वेळा नुसतंच 'पुढच्या पिकाला देतो', आणि पुढचं पीक येईपर्यंत त्याच घरात पुढचं मूल.

आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनी योजनेत दायांच्या बैठका व्हायला लागल्या, आजी आरोग्य केंद्रात जाऊन बसायला लागल्या. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणं दवाखान्याकडे वळली. "ते चांगलंच झालं," आजी म्हणाल्या. अडलेली बाई आपल्या हातात मरताना पाहिलेली आहे, त्यापेक्षा दवाखाना बरा. तरी बाई निघाली की आजीही सोबत निघतात. आशाताईंना त्याचे पैसे मिळतात, आजींना चहा मिळतो. हे आशाताईंनीच सांगितलं, मान खाली घालून.

हे सगळं मी भराभर लिहून घेत होतो, पण मन चुकचुकत होतं. प्रणय कुठे होता? शेवटी लाज सोडून विचारलं, "आजी, एखादी प्रेमाची गोष्ट आठवते का? नवरा-बायकोची?"

आजींनी बराच विचार केला. एका पावसाळ्यात नाला फुगला होता. त्या घरात दुसरी बाई नव्हती, येऊही शकत नव्हती. तेव्हा त्यांनी नवऱ्यालाच बायकोच्या मागे बसवलं. तिच्या काखांखालून हात घालून तो रात्रभर बसला. कळ आली की ती त्याच्या मनगटात नखं रुतवायची. उजाडताना मूल झालं. बाई उठून बसली, पण त्याला उठता येईना, पाय मेले होते त्याचे. त्याला दोघांनी धरून उचलावं लागलं. "तुमच्यासारखाच होता," आजी म्हणाल्या, "भरलेला."

ते पान माझ्याकडे आहे. त्यावर मी समासात लिहिलं आहे, 'हे ठीक, पण नायक कुठे?'

माझा चेहरा पाहून आजींना वाटलं असावं की मास्तरला काही समजलेलं नाही. त्यांनी आढ्याला बांधलेला दोर दाखवला. याला धरून बाई उकिडवी बसते, अशी. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो. अभ्यासासाठी माणूस काय करत नाही? दोर दोन्ही हातांनी धरला. आजींनी माझ्या कमरेला मागून गुडघा लावला आणि आशाताईंमार्फत हुकूम दिला, "आता कळ येते आहे. ओढा." मी ओढलं.

कळ आली.

कमरेच्या डाव्या बाजूने निघालेली ती चमक मानेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मला दोर सोडता येईना, उभं राहता येईना, खाली बसता येईना. तोंडातून आवाज निघाला तो आजींना खरा वाटला. त्या समाधानाने म्हणाल्या, "असंच ओरडतात." दारात पोरं जमली. पोरांमागे बायका. समोरच्या टेकडीवरून एक गडी नाला उतरून आला आणि त्याने दारातूनच विचारलं, मुलगा की मुलगी. आजींनी तेल कोमट करून कमरेला चोळलं. त्यांचा हात लागला तेव्हा मला कळलं की रात्री-बेरात्री लोक या बाईला उठवायला का येत असतील. दुखणं थांबलं नाही, पण भीती गेली. तरी चालणं शक्य नव्हतं, आणि जीप जिथपर्यंत येते तो रस्ता खाली, बराच खाली होता.

मग झोळी आली.

वर्तमानपत्रात आपण वाचतो की रस्ता नाही म्हणून गरोदर बाईला झोळीतून नेलं. वाचून हळहळतो आणि पान उलटतो. एक लांब बांबू, त्याला दोन्ही टोकांशी बांधलेली गोधडी, आणि त्या गोधडीत इतिहासाचा निवृत्त मास्तर मिरचीच्या पोत्यासारखा घडी घालून. पुढे दोन खांदे, मागे दोन, बदलायला आणखी चार. आतून दिसतं ते आभाळ आणि बांबू. पायवाट वळली की माझं डोकं खाली, पाय वर. नाला आला की गोधडीचा तळ ओला. दगडावर कोणाचा पाय घसरला की सगळे थांबत, मला हळू खाली ठेवत, बिडी ओढत आणि माझ्या वजनावर पावरीत चर्चा करत. विषय वजनाचाच होता हे मला भाषा न येताही कळत होतं. एका तरुणाला मराठी येत होतं. तो मला धीर देत म्हणाला, "सर, बायका याच्यापेक्षा हलक्या असतात. आणि एवढ्या ओरडत नाहीत."

आजी सोबत चालत होत्या. मी नको म्हटलं होतं. पण झोळी निघाली की दाई निघते, पोटात मूल आहे की मास्तरच्या कमरेत लचक, हा भेद त्यांच्या हिशोबात नव्हता. त्यांच्या पायात चपलाही नव्हत्या.

आरोग्य केंद्रात झोळी उतरली तेव्हा सिस्टर आतून हातमोजे घालतच धावत आल्या. गोधडीतून मिशी बाहेर आलेली पाहून त्यांनी हातमोजे काढले. इंजेक्शन देऊन मला शेजारच्या माहेरघराच्या ओसरीतल्या बाकावर आडवं केलं. माहेरघर म्हणजे दूरच्या पाड्यांवरच्या बायकांनी दिवस भरत आले की आधीच येऊन राहायची जागा, म्हणजे ऐन वेळी झोळीची पाळी येऊ नये. आतल्या बायकांना माझी हकीकत आजींनी रंगवून सांगितली असणार, कारण रात्री उशिरापर्यंत आतून हसण्याच्या लाटा येत होत्या. त्यातली एक नर्मदाकाठची, बोटीने आणि मग जीपने आलेली. तिने ज्वारीची भाकरी आणि ठेचा बाहेर पाठवला. एक सासूला घेऊन आली होती, आणि सासूचं लक्ष घरच्या बकऱ्यांत होतं. एकीचा नवरा रात्री बाहेर येऊन माझ्या बाकाच्या टोकाला बसला. काही बोलला नाही. मजुरी बुडवून गुजरातेतून आला होता, उद्या परत जायचं होतं, आणि तिची तारीख परवाची होती. तो पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिला. बाकाचं टोक त्याच्याकडे असल्यामुळे मला पाय लांब करता आले नाहीत, आणि मला त्याचा रागही आला, हे नमूद करतो.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी कमरेला पट्टा बांधला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. अहिराणीतही नाही. मुलीला फोन करून मात्र सगळं सांगितलं, आणि मुलीने जावयाला, आणि जावयाने डब्लिनला. भाच्याच्या बायकोचा निरोप आला की पुस्तक ठेवून घ्या, मामा, तुम्हीच वाचा.

कादंबरी मी नव्याने मांडली. पॅट्रिकला सुरतेच्या पुढे येऊच दिलं नाही. घोडा सारंगखेड्यालाच राहिला. नायिका साठीची. नायक तो मागून धरून बसलेला, पाय मेलेला माणूस. संपादकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूप वेळ गप्प होते. "मास्तर," ते म्हणाले, "यात चुंबन कुठे आहे?" मी म्हटलं, नखं आहेत. ते म्हणाले, "मग तुम्ही विनोदी लेख लिहा. हजार-दोन हजार शब्द."

मधे आशाताईंचा फोन आला होता. आजींनी हिशोब पाठवला आहे. मूल झालं नसलं तरी कळा आल्या, तेल लागलं, सोबतही झाली, तेव्हा रीतीप्रमाणे मोबदला द्यायचा. लुगडं आणि नारळ मी जीपवाल्याबरोबर पाठवले, ते पोचले. कोंबडी मात्र जीपवाला न्यायला तयार नाही, आणि आजींना बॉयलर चालत नाही. गावठी कोंबडी मी शहाद्याच्या बाजारातून आणून ठेवली आहे. ती सध्या आयरिश कादंबरीवर बसते. वाचकांपैकी कोणी या आठवड्यात धडगावकडे निघणार असेल आणि गाडीत जागा असेल, तर कृपया कळवावं.